दहावा माणूस

आमच्या प्रेसमध्ये नऊ माणसं कामाला आहेत. मी शाळेत होते तेव्हाही नऊच होती. मधे दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी दोघं आले, ऑफसेटचं जुनं मशीन जाऊन दुसरं आलं, पण हजेरीपटावरचा आकडा काही हलला नाही. मागच्या दिवाळीआधी डीटीपीच्या कामासाठी एक मुलगी विचारायला आली होती. बसल्या बसल्या तिनं एका लग्नपत्रिकेचं मराठी इतकं नीट लावून दाखवलं की पप्पा खूश झाले. तिला चहा पाजला, फोन नंबर लिहून घेतला आणि पुन्हा बोलावलंच नाही. रात्री मी कारण विचारलं तर म्हणाले, "अगं, ती दहावी झाली असती."

छोट्या धंद्यात दहा हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा असते. नऊपर्यंत आपण 'घरचे'. दहावा माणूस आला की फॉर्म, रजिस्टर, इन्स्पेक्टर, हप्ता, सगळं दारात येतं, असा पप्पांचा आणि त्यांच्या ओळखीच्या सगळ्या प्रेसवाल्यांचा समज आहे. तो अगदी खोटाही नाही. पण अर्धा आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात मालकाचं जास्त नुकसान होऊ शकतं. ते मला कसं कळलं तेच इथे सांगते. मी साहित्याची विद्यार्थिनी, कायद्याची नाही. मात्र प्रुफं तपासून डोळ्यांना एक सवय लागली आहे : वाक्यातला लहानसा शब्द सुटला तर सगळा अर्थ फिरतो. कायदा वाचताना ती सवय कामी आली.

सुरुवात झाली एका व्हॉट्सअॅप फॉरवर्डपासून. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारनं चार श्रम संहिता लागू केल्या. जुने २९ केंद्रीय कामगार कायदे या चार पुस्तकांत सामावले गेले. वेतन संहिता २०१९ ची आणि बाकी तिन्ही २०२० च्या : औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि सुरक्षा-आरोग्य-कामाची स्थिती. संसदेत मंजूर होऊन त्या पाच वर्षं नुसत्या पडून होत्या. त्यामुळे लागू झाल्या त्या दिवशी पप्पांच्या ग्रुपवर एकच धांदल उडाली. एक मेसेज असा होता : चाळीस वर्षांवरच्या प्रत्येक कामगाराची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी, खर्च मालकाचा. पप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुझं इंग्लिश चांगलं आहे. बघ जरा, आपल्याला लागू आहे का."

आमच्याकडे चाळिशीच्या वरचे पाच जण आहेत. म्हणजे प्रश्न साधा नव्हता.

आधी एक गंमत. मसुद्यांत आणि सरकारी मराठीत मालकाला 'नियोक्ता' म्हणतात. हा शब्द मी प्रेसमध्ये मोठ्यानं उच्चारला तर सगळे हसले. आमच्याकडे पप्पांना कोणी 'भैया' म्हणतं, कोणी 'सर', जुने लोक 'सेठजी'. मी इथे मालकच म्हणणार आहे.

तर तपासणीचं. सुरक्षा-आरोग्य संहितेत मालकाच्या कर्तव्यांची यादी आहे. त्यात वार्षिक आरोग्य तपासणी मोफत करून देणं हे एक कर्तव्य. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र देणं हे दुसरं. (आमच्याकडे आजवर कोणालाही पत्र दिलेलं नाही. 'कल से आ जाओ' हीच नेमणूक.) पण संहितेच्या कलमात चाळीस हा आकडा नाहीच. 'विहित करण्यात येईल अशा वयाच्या' कामगारांची तपासणी, एवढंच तिथे आहे. चाळीस हे वय केंद्र सरकारनं जाहीर केलं. खाजगी प्रेससारख्या ठिकाणी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारचा. आणि या सगळ्याच्या आधी एक व्याख्या बसली आहे. 'आस्थापना' म्हणजे काय? जिथे दहा किंवा अधिक कामगार आहेत ती. म्हणजे मेसेजमधला 'प्रत्येक कामगार' हा प्रत्यक्षात दहा जणांच्या छताखालचा प्रत्येक कामगार होता.

मी पप्पांना सांगितलं, "आपल्याला लागू नाही." ते म्हणाले, "बघ, सांगितलं नव्हतं?"

पण ही वार्षिक तपासणी नवी आहे असं मात्र समजू नका. भोपाळच्या माणसानं तर मुळीच समजू नये, कारण ती आपल्याच शहरातून कायद्यात गेली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झालं ते मी सांगायला नको. आपल्यातल्या अर्ध्या घरांत त्या रात्रीची एक तरी गोष्ट आहे. कमी सांगितली जाते ती त्याआधीची. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूनं अशरफ खान हा कामगार मेला होता. ज्या विभागात एमआयसी तयार व्हायचं तिथली माणसं कमी करत आणली होती. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकातून धोक्याचा इशारा दिला, त्याकडे कोणी बघितलं नाही. आणि त्या रात्री हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली तेव्हा हा वायू नेमका कोणता आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. माहिती कंपनीकडे होती.

म्हणून १९८७ मध्ये कारखाना कायदा, १९४८ मध्ये एक पूर्ण नवं प्रकरण घातलं गेलं. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या मालकानं धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला द्यायची. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या त्याला बघू द्यायच्या. अशा कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी, आणि पुढे बारा महिन्यांच्या आत पुन्हा, दरवेळी. धोका दिसला तर इशारा देण्याचा हक्क कामगाराला. आज कारखाना कायदा रद्द होऊन सुरक्षा-आरोग्य संहितेत गेला आहे, आणि धोकादायक कारखान्यांची ही कलमं तिथे आली आहेत. गेल्या नोव्हेंबरात वार्षिक तपासणीची बातमी 'ऐतिहासिक' म्हणून टीव्हीवर झळकली. तिचा इतिहास आपल्याकडे जेपी नगरच्या समोर उभा आहे, हे कोणत्याच चॅनेलनं सांगितलं नाही.

आमच्या धंद्यालाही या इतिहासात एक ओळ आहे. माझे आजोबा नागपूरला कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवायचे, आणि त्याच हातांनी डबा खायचे. डॉक्टरनं सरकारला कळवलंच पाहिजे अशा कामातून होणाऱ्या आजारांची एक यादी जुन्या कायद्याला जोडलेली होती, नव्या संहितेलाही आहे. त्या यादीत पहिलं नाव शिशाच्या विषबाधेचं. आजोबांना तसं काही झालं होतं की नाही हे कोणी कधी तपासलं नाही, त्यामुळे माहीत असण्याचा प्रश्नच नाही. आजी एवढंच सांगते की त्यांचं पोट कायम दुखायचं.

आता मूळ मुद्द्यावर. आजारी कामगाराच्या औषधपाण्याचा खरा कायदा म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा. स्वातंत्र्याआधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखातं सांभाळत होते त्या काळात, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं गेलं. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यावरून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कल्पना सरळ होती : मालकानं थोडं टाकायचं, कामगारानं त्याहून थोडं टाकायचं, आणि आजारपण आलं की एकट्यानं बुडायचं नाही.

आजचे दर असे. कामगाराच्या वेतनाच्या ३.२५ टक्के मालक भरतो, ०.७५ टक्के कामगाराच्या पगारातून जातात. जुलै २०१९ च्या आधी हे ४.७५ आणि १.७५ होते. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले यात येतात. बदल्यात कामगाराला आणि कुटुंबाला दवाखाना. भोपाळमध्ये सोनागिरीचं ईएसआय रुग्णालय बहुतेकांना माहीत असेल. पण लोक ज्याकडे लक्ष देत नाहीत ती गोष्ट वेगळी आहे. आजारी पडून कामावर येता आलं नाही तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम रोख मिळते. त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण वेतन. कामावर अपघात झाला तर वेतनाच्या ९० टक्के.

सामाजिक सुरक्षा संहितेनं यात बदल केले. पूर्वी ईएसआय अधिसूचित जिल्ह्यांत आणि भागांतच चालायचा, आता तो देशभर पसरवायचा आहे. जिथे सरकार धोकादायक म्हणून जाहीर करेल अशा कामात एक माणूस असला तरी मालकाला तो लागू होईल. बाकी ठिकाणी मर्यादा तीच : दहा किंवा अधिक व्यक्ती. इथे 'व्यक्ती' म्हटलंय, म्हणजे २१,००० च्या वरचा पगारदारही मोजणीत धरायचा आणि ठेकेदारामार्फत आलेलाही. अनेक मालक इथेच चुकतात. पगारपत्रकावर आठ, आणि ठेकेदाराचे चार वेगळे, म्हणजे आपण सुटलो असं त्यांना वाटतं. (आमचं जास्तीचं बायंडिंग दुसऱ्या दुकानात जातं, तिथली माणसं त्या दुकानाची. त्यामुळे आमचे नऊ हे खरोखर नऊच. मी दोनदा मोजले.) आणि एकदा योजना लागू झाली की नंतर माणसं कमी झाली तरी ती सुटत नाही. दहाव्याला घेऊन पुढच्या महिन्यात काढून टाकलं, असं चालत नाही.

इथवर वाचून मला पप्पांचं बरोबर वाटू लागलं होतं. मग मशीनवाल्या काकांची गोष्ट आठवली.

काका पन्नाशीचे, पप्पांच्या आधीपासून छपाईत. माझ्या लहानपणी मला रद्दी कागदाची विमानं करून द्यायचे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला. ताप उतरेना, प्लेटलेट पडल्या, घरच्यांनी घाईघाईत जवळच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये नेलं. आठ दिवसांनी घरी आले, पण उभं राहायची ताकद नव्हती. कामावर परतायला चाळीस दिवस लागले. त्यांचा पगार १६,००० रुपये. पप्पांनी ६०,००० रुपये उचल दिली, दर महिन्याला दोन हजार कापून घ्यायच्या बोलीवर. त्या चाळीस दिवसांचा पगार मात्र नाही दिला. त्या काळात काकूंनी दोन घरांत स्वयंपाकाचं काम धरलं, ते आजही चालू आहे.

पप्पांना यात आपलं काही चुकलं असं वाटत नाही, आणि मलाही त्यांना दोष द्यायचा नाही. ६०,००० रुपये उचल देणारे मालक किती असतील? पण हिशोब करून बघा. त्या वेळी ईएसआय असता तर उपचार योजनेतून झाले असते. चाळीस दिवसांच्या आजारपणाचे ७० टक्क्यांनी सुमारे १५ हजार रुपये काकांच्या हातात आले असते. उचल लागलीच नसती.

"पण आता आयुष्मान आहे ना?" हा प्रश्न पप्पांनीही विचारला. आहे. २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च मिळतो. पण दाखल न होता गोळ्या-तपासण्यांवर जाणारा पैसा त्यात नाही, आणि बुडालेला पगार तर नाहीच. गरिबाच्या घरी आजारपण दोन बाजूंनी येतं : बिल वाढतं आणि पगार थांबतो. आयुष्मान पहिली बाजू धरतं. दुसरी बाजू धरणारी ईएसआयइतकी जुनी आणि मोठी योजना आपल्याकडे दुसरी नाही. ईएसआय दवाखान्यांतल्या रांगा, औषधं नाहीत, 'रेफर' करून पाठवणं, या तक्रारी मीही ऐकल्या आहेत आणि त्या खोट्या नसतील. पण रांगेत उभं राहण्यासाठी आधी कार्ड लागतं.

आता ते उरलेलं अर्धं, जे पप्पांच्या ग्रुपवर कोणी लिहिलं नव्हतं. सामाजिक सुरक्षा संहितेत नुकसानभरपाईचं एक वेगळं प्रकरण आहे. १९२३ च्या जुन्या कामगार भरपाई कायद्याचं ते नवं रूप. कामामुळे अपघात झाला, माणूस जखमी झाला किंवा मेला, तर भरपाई द्यायची. कोणी? मालकानं, स्वतःच्या खिशातून. आणि हे प्रकरण कोणाला लागू? ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांना. इथे दहाची मोजणी नाही.

हे वाचताना मी थांबले आणि पुन्हा वाचलं. म्हणजे दहाच्या वरच्या मालकाला कामावरच्या अपघाताची भरपाई विम्यातून जाते, तो ३.२५ टक्के भरून मोकळा होतो. नऊवाला मालक हप्ता वाचवतो आणि अख्खा धोका डोक्यावर घेतो. किती धोका? मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या एका आकड्यानं गुणतात. पन्नास वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १५३.०९. जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये ठरलेली वेतनाची कमाल मर्यादा १५,००० धरली, तर ७,५०० गुणिले १५३.०९, म्हणजे ११,४८,१७५ रुपये. आमच्या प्रेसमधलं सगळ्यात महाग मशीन सेकंडहँड आहे, त्याला एवढे पडले नव्हते.

"आपल्याकडे कोण मरतंय?" पप्पा म्हणाले. मी कटिंग मशीनकडे बोट दाखवलं. ज्यांनी ते चालताना पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. पाचशे कागदांची गड्डी ते लोणी कापावी तसं कापतं.

आणि संहितेनं इथे एक नवी गोष्ट घातली आहे. घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध, वेळ आणि ठिकाण जुळत असेल तर, कामातलाच धरायचा. ईएसआयवाल्यांसाठी ही तरतूद काही वर्षांपासून होती, आता ती भरपाईच्या प्रकरणातही आली. आमचे दोन मुलगे रात्री अकराला शेवटचा फॉर्म उतरवून एकाच बाइकवर करोंदच्या दिशेनं जातात, हेल्मेट एकच. निवडणुकीच्या हंगामात तर पहाटे दोनला. ते रस्त्यात असतात तो वेळ आता पप्पांच्या खात्यावर आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्या रात्री त्यांनी व्हॉट्सअॅप न बघता जेवण केलं.

मोठ्या मालकांसाठी नव्या कायद्यात वेगळा पेच आहे. तो थोडक्यात सांगते, कारण तुमच्यातल्या अनेकांचे आईवडील किंवा लवकरच तुम्ही स्वतः अशा कंपन्यांत असाल. संहितांनी 'वेतन' या शब्दाची एकच व्याख्या केली. मूळ पगार, महागाई भत्ता आणि असलाच तर रिटेनिंग भत्ता म्हणजे वेतन. घरभाडं, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम वगैरे वेतनाबाहेर. पण बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मिळकतीच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग परत वेतनात मिळवायचा. याचा हेतू उघड आहे. मूळ पगार मुद्दाम लहान दाखवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती बंद करणं. पण ईएसआयमध्ये याचा परिणाम उलट्या दिशेनंही होतो, ते मला मजेशीर वाटलं. समजा मूळ पगार १५,००० आणि घरभाडं ८,०००. जुन्या ईएसआय कायद्यात घरभाडं धरून २३,००० व्हायचे, म्हणजे तो माणूस २१,००० च्या वर, योजनेबाहेर. नव्या व्याख्येचा सरळ अर्थ घेतला तर त्याचं वेतन १५,०००, म्हणजे तो योजनेच्या आत. मालकाला त्याच्यासाठी महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे भरावे लागतील. अशी किती माणसं मंडीदीप आणि गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांत असतील याचा विचार करा. हिशोबनीस मंडळी सध्या जागी असतील.

आणि काही गोष्टींना आकडा नाहीच. वेतन संहिता एक माणूस असला तरी लागू. किमान वेतन, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, नोकरी सोडली किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता. आमच्याकडे पगार 'दहा-बारा के आसपास' होतो. तेही मी पप्पांच्या कानावर घातलं, पण एका आठवड्यात किती सांगायचं यालाही मर्यादा असते.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात उशिरा सापडली. सामाजिक सुरक्षा संहितेत दहाच्या आतल्या मालकासाठी दार उघडं ठेवलं आहे. मालकाची इच्छा असेल आणि कामगारांपैकी बहुसंख्य राजी असतील, तर अर्ज करून ईएसआय स्वतःहून लागू करून घेता येतो. म्हणजे नऊ जणांचा मालक बाहेरच राहायला बांधलेला नाही. तो आत येऊ शकतो, फक्त त्याला विचारावं लागतं. मालकानं कामगारांना विचारणं! आमच्या प्रेसमध्ये आजवर फक्त चहा किती मागवायचा हे विचारलं गेलं होतं.

पप्पांनी रविवारी मिस्सानंतर घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. नऊ जणांचं मिळून महिन्याचं वेतन १,२६,०००. त्याचे ३.२५ टक्के म्हणजे ४,०९५ रुपये. वर्षाचे ४९,१४०. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "काकांना उचल किती दिली होती?" त्यांना आकडा माहीत होता, तरी विचारलं.

सात तारखेला (हो, सातलाच) पगार वाटताना त्यांनी सगळ्यांना थांबवलं. मी कोपऱ्यात प्रुफं घेऊन बसले होते. ते हिंदीत बोलले, नेहमीपेक्षा हळू. तुमच्या पगारातून शंभर-सव्वाशे रुपये जातील, माझे साडेचारशे-पाचशे प्रत्येकामागे, आणि कार्ड मिळेल. काकांनी पहिला हात वर केला. बायंडिंगच्या दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या आणि त्यांनीही केला. बाइकवाले दोघं म्हणाले, "भैया, सरकारी अस्पताल में कौन जाएगा?" डीटीपीवाला म्हणाला, घरी विचारून सांगतो. तिघं गप्प. बहुमताला पाच लागतात, तीन झाले होते.

मग काका त्या दोघांना बाहेर टपरीवर घेऊन गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा त्यातल्या एकानं सांगितलं की त्याच्या बायकोला पाचवा महिना लागला आहे, आणि बाळंतपणाचं यात काही आहे का. मी कागद चाळून सांगितलं : ते २६ आठवड्यांचं वेतन विमा असलेल्या बाईलाच, पण तुझ्या बायकोच्या दवाखान्याचा खर्च कुटुंब म्हणून योजनेत येतो. त्यानं हात वर केला. मग त्याच्या मित्रानंही केला, पण वेगळ्या कारणासाठी : "अकेला मैं क्यों बचूँ?"

पाच झाले. पप्पांनी टॅक्सवाल्या अंकलना फोन लावला आणि अर्ज कुठे करायचा ते विचारलं. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "त्या डीटीपीच्या मुलीचा नंबर कुठे लिहिला होता मी?"